दुखेपर्यंत चाला, असं डॉक्टर का म्हणाले?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांची सगळी हयात यंत्रमागावर उभ्यानं काम करण्यात गेली. अंगानं सडपातळ, तरी १२ वर्षांपासून साखर आहे, गोळ्या चालू आहेत. पन्नाशीच्या आधीपासून बिडी ओढतात, आता दिवसाला तीन-चारवर आणली आहे. वर्षभरापासून चालायला लागले की उजवी पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी घट्ट होते. मंडईत जाताना दोनदा थांबावं लागतं. दोन-तीन मिनिटं उभे राहिले की बरं वाटतं. डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला, मांडीतली धमनी बंद निघाली. घोट्याच्या बीपीचं माप, म्हणजे हाताच्या बीपीच्या तुलनेत घोट्याचं बीपी, ०.६८ आलं. सर्जन म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको. गोळ्या घ्या, दुखेपर्यंत रोज चाला, मोठी नळी बंद असली तरी बारीक वाहिन्या वाढतात. आमचे थोरले भाऊजी म्हणतात, दुखत असताना चालवलं तर आहे तेवढं रक्तही संपेल आणि पाय जाईल. ते रोज रात्री मामांचे पाय गरम पाण्यात बुडवून बसवतात. मामाही घाबरलेत, दिवाळीपासून घराबाहेर पडलेले नाहीत. बारीक वाहिन्या खरंच वाढतात, की आमच्या समाधानासाठी सांगितलं? ओळखीतल्या एकानं इंजेक्शनांचा कोर्सही सुचवलाय, त्यानं नवीन रक्तवाहिन्या फुटतात म्हणे. काय करावं?
– एक सून, इचलकरंजी

उत्तर: ताई, बाकी सगळं नंतर. ते गरम पाणी आज रात्रीपासून बंद करा. १२ वर्षांच्या मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. पाणी चटका देण्याइतकं गरम आहे हे मामांना कळणारच नाही. तळव्याला फोड येईल, आणि ज्या पायाला आधीच रक्त कमी पोचतंय त्या पायावरचा फोड सहज भरत नाही. पाय जाण्याची भाऊजींना जी भीती वाटते, तिची सुरुवात बऱ्याचदा अशाच एखाद्या फोडापासून होते, चालण्यापासून नाही. तेल लावून हलक्या हातानं चोळायला हरकत नाही. शेक, गरम पाण्याची पिशवी, विजेचा पॅड यातलं काहीही नको.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. सर्जननी सांगितलं ते खरं आहे. समाधानासाठी सांगितलेलं नाही. पण ते घाईत एका वाक्यात सांगितलं गेलं, आणि त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या. त्या सुट्या करून सांगते, म्हणजे भाऊजींनाही तुम्हाला समजावता येईल.

‘आहे तेवढं रक्त संपेल’ ही समजूत रक्ताला साठा मानते. पायातलं रक्त साठा नसून प्रवाह असतो. मामा खुर्चीत बसलेले असतात तेव्हा पोटरीच्या स्नायूला फार थोडं रक्त लागतं आणि अरुंद झालेल्या वाटेनंही तेवढं सहज येतं. चालायला लागले की मागणी कित्येक पटींनी वाढते, बंद धमनी तेवढं देऊ शकत नाही, ऑक्सिजन कमी पडतो, स्नायूत काही पदार्थ साचतात आणि पोटरी भरून येते. थांबले की मागणी उतरते आणि दोन-तीन मिनिटांत हिशेब पुरा होतो. ठरावीक अंतरावर येणारं आणि उभं राहिल्यावर जाणारं दुखणं म्हणजे स्नायू मरत असल्याची खूण नव्हे. तेवढ्या वेळापुरता तो उपाशी आहे, एवढंच.

मांडीतल्या मोठ्या धमनीपासून फाटे फुटत फुटत शेवटी रक्त पोचतं ते केशवाहिन्यांत. ऑक्सिजनची खरी देवाणघेवाण मुख्यतः तिथेच होते, मोठ्या धमनीत नाही. आपल्या स्नायूचा एक तंतू केसाएवढा जाड असतो, मिलिमीटरचा साधारण विसावा भाग. त्या प्रत्येक तंतूला लागून चार-पाच केशवाहिन्या धावत असतात. निरोगी माणसाच्या मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर एका चौरस मिलिमीटरमध्ये तीनशेच्या आसपास केशवाहिन्या मोजता येतात. लांब पल्ल्याचे धावपटू आणि सायकलपटू यांच्यात त्या बऱ्याच जास्त असतात. या वाहिन्या इतक्या अरुंद की सात-आठ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबड्या पेशीला अंग मुडपून, एकीमागे एक अशी वाट काढावी लागते. मला स्वतःला शरीरातली ही जागा फार विलक्षण वाटते. हृदय आणि धमन्यांबद्दल आपण एवढं बोलतो, पण त्यांची सगळी धडपड ज्या अर्ध्या-एक मिलिमीटर लांबीच्या टप्प्यासाठी चालते, त्याची विचारपूस कुणी करत नाही.

स्नायूतल्या केशवाहिन्यांचा पुरवठा मागणीप्रमाणे बदलतो, हे कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी शंभर वर्षांपूर्वी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं. निवांत स्नायूत थोड्याच केशवाहिन्या उघड्या असतात, काम सुरू झालं की बाकीच्या उघडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याबद्दल त्यांना १९२० चं नोबेल मिळालं. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्त्या केल्या, कारण विश्रांतीतही बऱ्याचशा केशवाहिन्यांतून थोडं रक्त वाहताना दिसलं. मागणीप्रमाणे पुरवठा हा गाभा मात्र टिकला. बसलेल्या माणसाच्या १०० ग्रॅम स्नायूतून मिनिटाला जेमतेम तीन ते पाच मिलिलिटर रक्त जातं. १९८५ मध्ये कोपनहेगनमध्येच अँडरसन आणि साल्टिन यांनी निरोगी माणसांना एकाच पायाच्या मांडीनं कसून व्यायाम करायला लावला, तेव्हा तेवढ्याच स्नायूतून २०० मिलिलिटरहून जास्त रक्त वाहिलं.

केशवाहिन्यांची संख्या जन्मापासून ठरलेली नसते, ही यातली तुमच्या कामाची गोष्ट. स्नायू वारंवार कामाला लागला, रक्ताचा ओघ भिंतींना घासू लागला, तंतू ताणले गेले, ऑक्सिजन घडीभर कमी पडू लागला, की स्नायूच्या पेशी वाहिन्या वाढवणारी प्रथिनं सोडतात. मग जुन्या केशवाहिनीला नवा कोंब फुटतो, किंवा एकीच्याच मधोमध पडदा येऊन तिच्या दोन होतात. १९७७ च्या एका अभ्यासात तरुणांनी आठ आठवडे नियमित सायकल मारल्यावर मांडीच्या स्नायूतल्या केशवाहिन्यांची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली आढळली. आणि हे उलटही फिरतं. काम थांबलं, पाय महिनोन्‌महिने खुर्चीतच राहिला, की केशवाहिन्या कमी होतात आणि तंतूही बारीक होतात. दिवाळीपासून मामांच्या पोटरीत तेच चाललंय.

तुम्ही म्हणाल, ते तरुण, धडधाकट. मामांचं काय? मामांसारख्या रुग्णांच्या पोटरीचे तुकडेही तपासले गेलेत. पायाची धमनी बंद असलेल्यांच्या पोटरीत केशवाहिन्या निरोगी माणसांपेक्षा कमी असतात, आणि जितक्या कमी तितकं चालणं कमी, असं दिसून आलंय. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं अशा रुग्णांना देखरेखीखाली १२ आठवडे चालण्याचा व्यायाम दिला. तिसऱ्याच आठवड्यात पोटरीतल्या केशवाहिन्यांची घनता वाढलेली दिसली. चालण्याची एकूण कुवत त्याच्या मागून वाढली. म्हणजे आजारी, म्हाताऱ्या पोटरीलाही हे जमतं.

आता त्या दोन गोष्टी. मोठी धमनी बंद झाली की आजूबाजूच्या छोट्या धमन्या हळूहळू रुंद होऊन वळणवाट तयार करतात. ही एक. आणि स्नायूच्या आतल्या केशवाहिन्या वाढतात, ही दुसरी. चालण्याच्या व्यायामानं होणारा फायदा मुख्यतः स्नायूच्या आत घडतो असं मानायला चांगलं कारण आहे. कारण महिनोन्‌महिने नीट चाललेल्या रुग्णांचं अंतर चांगलं वाढतं, पण घोट्याच्या बीपीचं माप फारसं हलत नाही. स्नायू आलेल्या रक्तातून ऑक्सिजन जास्त काढायला शिकतो, पेशीतली ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, चालही सुधारते. तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा डॉप्लर करून ‘०.६८ चं ०.६८ च आहे, उपयोग काय झाला?’ असं म्हणत खट्टू होऊ नका. बंद धमनी चालण्यानं उघडत नाही. प्रगती मोजायची ती अंतरावर. मंडईच्या वाटेवरच्या खुणा लक्षात ठेवा, पहिलं थांबणं कुठं झालं ते वहीत लिहा.

‘दुखेपर्यंत’ या शब्दानंच तुमच्या घरात सगळी भीती घातली आहे. दुखू न देता सावकाश चाललं तर नाही का चालणार? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. अमेरिकेत ३०५ रुग्णांवर झालेल्या ‘लाइट’ या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. काहींना घरच्या घरी, पोटरी दुखेल अशा वेगानं चालायला सांगितलं, काहींना दुखणार नाही अशा बेतानं, आणि काहींना व्यायामच दिला नाही. वर्षानंतर दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं सहा मिनिटांत कापलं जाणारं अंतर सरासरी ३४ मीटरनी वाढलं. आरामात चालणाऱ्यांना मात्र काहीच न करणाऱ्यांपेक्षा फायदा झाला नाही. हे वाचून मलाही वाईट वाटलं, कारण दुखणं टाळून तेच मिळालं असतं तर कुणाला नको होतं? पण उत्तर स्पष्ट आहे. भाऊजींना ही चाचणी जरूर सांगा.

चालायचं कसं, ते सांगते. आधी फिजिशियनकडून ईसीजी आणि गरज वाटली तर हृदयाची पुढची तपासणी करून घ्या. ज्याच्या पायाच्या धमन्या अशा झाल्या, त्याच्या हृदयाच्या धमन्याही बऱ्याचदा स्वच्छ नसतात. मामा आजवर कमी चालत असल्यामुळे छातीला कधी ताण पडलेलाच नसेल. ते झालं की सपाट जागा निवडा. शाळेचं मैदान किंवा बाग उत्तम, बसायला बाक असेल तर आणखी चांगलं. मंडईचा रस्ता सुरुवातीला नको, तिथे चारचौघांत थांबायची लाज वाटते आणि माणूस निम्म्यातूनच परत फिरतो. पाच मिनिटं सावकाश, मग जरा भरभर. तीन ते पाच मिनिटांत पोटरी बोलू लागावी असा वेग ठेवायचा. दुखायला लागलं की लगेच थांबायचं नाही. ‘सहन होतंय, पण आता थांबावंसं वाटतंय’ इथपर्यंत जायचं आणि मग थांबायचं. दात-ओठ खाऊन लंगडत पुढे जाणंही नको. दुखणं पूर्ण गेल्यावर पुन्हा चालायचं. थांबण्यासकट पहिल्या आठवड्यांत २० मिनिटं, हळूहळू ४५ मिनिटांपर्यंत. आठवड्यातून किमान तीन दिवस, जमलं तर पाच. १२ आठवड्यांच्या आत निकाल लावू नका. ‘मी तर जन्मभर मागावर उभाच होतो, मला काय व्यायाम शिकवता’ असं मामा म्हणतील. उभं राहण्यात पोटरी नुसती तोलून धरलेली असते, चालण्यात ती आवळते आणि सुटते. स्नायूला हवी ती हाक त्या आवळण्या-सुटण्यातूनच मिळते.

आणि हे काम भाऊजींवर सोपवा. ते विरोध करतायत ते मायेपोटी. रोज रात्री बापाचे पाय धरून बसणारा मुलगा तुमच्या बाजूला यायला वेळ लागणार नाही. त्यांच्या हातात घड्याळ द्या, वही द्या, मामांच्या शेजारून चालू द्या.

बूट पुढून रुंद, मऊ अस्तराचे, सोबत सुती मोजे. घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना पाहायचं. आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासायच्या. साखरेच्या कोणत्या गोळ्या आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. काही गोळ्यांनी व्यायामात साखर एकदम उतरते, म्हणून उपाशीपोटी चालू नका आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. सर्जननी दिलेल्या गोळ्यांत रक्त गोठू न देणारी एक आणि कोलेस्टेरॉलची एक असणार. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल बरं आलं तरी ती दुसरी बंद करायची नाही, ती हृदय आणि मेंदूच्या धमन्यांसाठीही आहे.

सडपातळ असून साखर कशी, हे कोडं तुम्ही जाता जाता लिहिलंय. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्याच उंची-वजनाच्या युरोपीय माणसाच्या तुलनेत आपल्या लोकांत चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायूचं कमी असतं, हे त्यांनी दाखवलं. जेवणानंतर इन्शुलिनच्या हुकमानं साखर उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तोच कमी, तर साखर जाणार कुठे? शिवाय इन्शुलिनलाही स्नायूच्या तंतूपर्यंत पोचायचं तर केशवाहिनीची भिंत ओलांडावी लागते. मधुमेहात तिचं अस्तर जाड होतं. म्हणून चालण्यानं मामांच्या पोटरीबरोबर साखरेलाही हातभार लागेल. वर ज्यांचं नाव घेतलं त्या क्रोग यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. १९२२ मध्ये दोघं अमेरिकेला गेले असताना मारींच्या आग्रहावरून ऑगस्ट क्रोग, जिथे इन्शुलिनचा शोध लागला त्या कॅनडातल्या टोरांटोला गेले आणि इन्शुलिन बनवण्याची परवानगी घेऊन डेन्मार्कला परतले. केशवाहिन्या आणि इन्शुलिन एकाच घरात नांदत होते, ही गोष्ट मला फार आवडते.

बिडीबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. तीन-चार म्हणजे कमी नव्हे. निकोटिन धमन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तांबड्या पेशीतली ऑक्सिजनची जागा बळकावतो, म्हणजे आधीच कमी येणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन आणखी घटतो. धमनी आणखी तुंबवायचं काम तर चालूच राहतं. पूर्ण बंद झाल्याशिवाय चालण्याचा फायदा हाती लागून निसटत राहील. एकट्याच्या निश्चयावर सोडू नका. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं, आणि सवय सोडवणाऱ्या गोळ्या, च्युइंगम डॉक्टर देऊ शकतात. बिडी सोडून तंबाखू मळायला लागले तर काही साधलं नाही, तेवढं लक्ष ठेवा.

इंजेक्शनांचा कोर्स घेऊ नका. वाहिन्या वाढवणारी प्रथिनं किंवा त्यांची जनुकं टोचून केशवाहिन्या वाढवाव्यात, ही कल्पना तर्काला धरून होती आणि तिच्यावर प्रामाणिक प्रयत्नही झाले. पण मोठ्या चाचण्यांत मामांसारख्यांचं चालण्याचं अंतर त्यानं अपेक्षेइतकं वाढलं नाही. स्नायू काम करताना ही प्रथिनं योग्य जागी, योग्य वेळी, योग्य मापात सोडतो. सुईला ते साधलेलं नाही. ते पैसे चांगल्या बुटांना आणि तपासण्यांना ठेवा.

राहिला ऑपरेशनचा प्रश्न. तीन-चार महिने मन लावून चालूनही मामांचं रोजचं जगणं अडत असेल, तर फुगा घालून किंवा बायपास करून धमनी मोकळी करण्याबद्दल सर्जनशी पुन्हा बोला. तो पर्याय कुठे पळून जात नाही, आणि केला तरी नंतर चालावं लागेलच. पण काही खुणा दिसल्या तर ही वाट पाहायची नाही. रात्री पडल्या पडल्या पाऊल दुखणं आणि पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटणं, बोट काळं-निळं पडणं, पायावरची जखम दोन आठवड्यांत न भरणं. यातलं काहीही झालं की चालणं थांबवा आणि त्याच आठवड्यात सर्जनना दाखवा. जखमेला वास, पू किंवा लाली असेल तर त्याच दिवशी. आणि पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, बधिर वाटू लागला किंवा बोटं हलेनात, तर हातात फक्त काही तास असतात. मध्यरात्र असली तरी रक्तवाहिन्यांचे सर्जन जिथे आहेत अशा मोठ्या रुग्णालयात थेट घेऊन जा. ते कोल्हापुरात कुठे आहेत, हे आजच विचारून फोन नंबर भिंतीवर लावून ठेवा.